मारवालची झोपलेली बाग

मे महिना लागला होता आणि सकाळीच ऊन अंगाला चटके देत होतं. एलीआनबाईंनी धुतलेल्या चादरी दोरीवर टाकल्या, वेलींच्या आतला आवाज ऐकवणारं ते इवलंसं यंत्र कानात बसवलं आणि भिंतीच्या फाटकातून आपल्या द्राक्षबागेत गेल्या. ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या बाकी सगळ्या बागा हिरव्यागार झाल्या होत्या. ही तेवढी काळी, उघडीबोडकी उभी होती, कारण तिच्या लेखी अजून बर्फ पडत होता.

हा बर्फ पाडला होता उर्मिला बोरस्तेने. उर्मिला मूळची नाशिकजवळच्या दिंडोरीची, द्राक्षवेलींची शास्त्रज्ञ. फ्रान्समधले हिवाळे नावापुरते उरले, तशा इथल्या वेली झोपेनाशा झाल्या, आणि झोप नसलेली वेल माणसासारखीच खंगते. उर्मिलेच्या प्रयोगशाळेनं त्यावर ‘शीतस्मृती’ शोधून काढली. वेलीनं सोसलेल्या प्रत्येक थंडीची खूण तिच्या लाकडात राहते. ती खूण वाचायची आणि मुळांशी पुरलेल्या सळ्यांमधून, रसायनांच्या भाषेत, तिची तिलाच परत सांगायची. वेल फसते आणि झोपी जाते.

एलीआनबाईंनी मारवाल इथल्या वडिलांच्या जुन्या हवेलीचं छप्पर घातलं, तळघर उपसलं, द्राक्षं पिळायचा लाकडी घाणा दुरुस्त करून घेतला. उतारवयात एवढा खटाटोप एकाच गोष्टीसाठी चालला होता. वडील करायचे ती हलकी, आंबटसर वाइन त्यांना मरायच्या आधी एकदा प्यायची होती. ती चव थंडीशिवाय उतरत नाही.

उर्मिलेनं त्यांच्यापुढे पाच-सहा हिवाळे ठेवले होते. शहाण्या माणसानं बेताचा निवडला असता. बाईंनी निवडला त्या नऊ वर्षांच्या असतानाचा, बर्फानं भिंत बुडवली आणि शाळा महिनाभर बंद राहिली तो. उर्मिलेनं नको म्हणायला हवं होतं. पण एवढा बर्फ तिनं जन्मात पाहिला नव्हता, तीही भुलली. वेली इतक्या गाढ झोपल्या की सळ्या बंद करून दोन महिने झाले तरी उठायचं नाव घेईनात.

दिंडोरीहून आईचा फोन आला, तेव्हा तिनं पहिलं तेच विचारलं. “उठली का गं तुझी बाग?”

“नाही ना.”

“मग लाव की पेस्ट. आपल्याकडं काय वाट बघत बसतो का आपण? छाटायचं, डोळ्यांना पेस्ट लावायची, की फुटली बाग. आपल्या वेलींना कुठली आलीय झोप.” आई हसली. उर्मिलेला हसू आलं नाही. घरच्या वेली वर्षातून दोनदा छाटतात आणि त्यांना झोपू देत नाहीत, याचं तिला आजवर काहीच वाटलं नव्हतं. आता वाईट वाटलं.

काडीवरच्या कोंब फुटायच्या जागांना बागायतदार डोळे म्हणतात. त्या डोळ्यांना लावायची पेस्ट उर्मिलेनं प्रयोगशाळेत तयार केली, आईकडच्यासारखीच, पण विष नसलेली. ती घेऊन ती मारवालला आली.

“मादाम, यांच्या अंगातली साठवण संपत आलीय,” ती म्हणाली. “अजून थोडे दिवस, मग या झोपेतच जातील.”

“आणि हे लावलं तर?”

“जागतील. पण अशी उठवलेली वेल पुन्हा झोपत नाही. शीतस्मृती तिला लागू पडत नाही. आमच्याकडच्यासारखी बारमाही होईल, या उन्हातही तग धरेल.”

“आणि वाइन?”

“होईल. गोड, जड. तुमच्या वडिलांची नाही होणार.”

कानातलं यंत्र काढून बाईंनी उर्मिलेच्या कानात घातलं. आत वेलीच्या खोडातलं पाणी वाजत होतं. बारीकशी सळसळ, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा सळसळ. घामानं निथळत उभ्या असलेल्या उर्मिलेला वाटलं, आपल्या खांद्यावर हलकेच काहीतरी साचत चाललंय. तिथून हलूच नये असं तिला वाटलं.

“बघ किती सुखात आहेत,” बाई म्हणाल्या. “मला यातून कुणी उठवलं असतं तर मी त्याला माफ केलं नसतं.”

“मग राहू द्यायच्या अशाच?”

“तसं कुठं म्हटलं मी? आण तो ब्रश.”

दोघी कामाला लागल्या. उर्मिला काडी छाटायची, कापलेल्या टोकाशी पाण्याचा थेंब यायचा, बाई डोळ्यांना पेस्ट लावायच्या. एकेक ओळ मागे पडत गेली. ऊन चढलं, वाऱ्यावर कुठल्यातरी जाग्या बागेचा फुलोरा दरवळला, आणि उर्मिलेच्या कानातलं यंत्र मात्र अजून बर्फच ऐकवत होतं.

शेवटची वेल भिंतीजवळची होती, वडिलांनी लावलेली. बाईंनी तिच्या प्रत्येक डोळ्याला पेस्ट लावली, घाई न करता. मग हातमोजा काढला आणि खोडावर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

“उर्मिला,” त्या म्हणाल्या, “ही उठेल आणि विचारेल, हिवाळा कुठं गेला. काय सांगायचं गं हिला?”