ओल जिकडे असते

आत्याच्या निवडुंगांवर पाणी फवारायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामटेकडी मीच. कॉलेज सोडून घरी परतल्यापासून मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. बाबा म्हणाले, एक काम तरी धड करून दाखव. झाडं जगली तर आत्याची खोली तुझी.

मला ती खोली हवीच होती.

हे निवडुंग वाळवंटातले नाहीत. जंगलात झाडांच्या खोडांवर वाढतात, हवेतली ओल पितात. छताला टांगलेल्या कुंड्यांमधून हिरव्या दोऱ्यांसारखे लोंबतात. आत्या सांगायची, ओल जिकडून येते तिकडे यांना मुळं फुटतात.

त्याच खोलीत ती दम लागून गेली. रात्रभर हाका मारत होती. बाबा म्हणाले होते, नाटकं आहेत, सकाळी बघू. सकाळी बघितलं.

माझा फवारा सोडला तर खोली बंद, कोरडी ठणठणीत. धुळीचा आणि जुन्या औषधांचा वास. तरीही एका कुंडीतल्या फांद्यांना पांढरी, बारीक मुळं फुटली होती... फक्त पलंगाच्या बाजूला. मी कुंडी फिरवून ठेवली. काही दिवसांनी बघते तर ती मुळं वाळलेली आणि नवी मुळं पुन्हा पलंगाकडे. रिकाम्या उशीकडे.

भरदुपारी मी उशीवर हात धरला. तळवा दमट झाला. कोमट.

बाबांना सांगितलं. आधी हसले, शिक्षण सोडलं की डोकं असंच चालतं म्हणाले. मग बघायला आले आणि उंबऱ्यावरच थांबले. 

"आवाज येतो का गं?" अगदी हळू विचारलं.

"कसला?"

"...काही नाही."

त्यांनी मलाच ती कुंडी काढून आणायला लावली. बहिणीची एवढी आठवण राहू दे म्हणत ती हॉलमध्ये टांगली, बाकीची झाडं माझ्याकडूनच कचऱ्यात टाकवली आणि खोलीला कुलूप घातलं. म्हणजे माझा सोफा कायम. मी भांडले. एरवी कान फाटेस्तोवर ओरडणारा माणूस, नुसती किल्ली खिशात टाकून निघून गेला.

आज फवारताना पाहिलं, कुंडीला ताजी मुळं आलीत. खिडकीकडे नाहीत. बाबा खुर्चीत पेपर वाचत बसतात ना, त्या खुर्चीच्या मागे रोखलेली आहेत. तिथे नुसती मोकळी जागा आहे. उंची म्हणाल तर... उभ्या माणसाच्या तोंडाइतकी.

बाबा सारखी मान मागून पुसतात. पंखा वाढव म्हणतात.

पंखा केव्हाचा पूर्ण वेगात आहे.