तहसीलदारांचा लाल दिवा

इसवी सन २०५८ मध्ये मानवाने भीतीवर अंतिम विजय मिळवला. हे वाक्य मिरजेतल्या बालारोग्यधामाच्या कोनशिलेवर कोरलेलं आहे. तिचं अनावरण झालं त्या दिवशी, मंत्रिमहोदयांचं भाषण संपायच्या आत, एका कुत्र्याने त्या शिळेपाशी जाऊन मागचा पाय वर केला. कुत्रा बाहेरचा नव्हता. ज्याच्या जोरावर हा विजय मिळवला होता, तोच तो.

कागदोपत्री तो 'श्वानसेवक क्रमांक तीन' होता. सगळे त्याला तहसीलदार म्हणत. ठरलेल्या वेळी तो कधी येत नसे, आला की सगळे उठून उभे राहत, आणि कुणाच्या खाटेपाशी थांबायचं हे तो स्वतःच्या मर्जीने ठरवी.

आजारी मुलांना भेटायला कुत्रं न्यायचं, ही पद्धत तशी जुनी. मूल त्याच्या मानेवरून हात फिरवतं, छातीतली धडधड कमी होते, आणि सोबतच्या आईबापांना चार घास जातात. नवी होती ती गंधकंठी. माणूस घाबरला की त्याच्या घामाचा आणि श्वासाचा वास बदलतो. आपल्याला तो येत नाही, कुत्र्याला येतो. त्या वासाने कुत्र्याच्या मेंदूत उठणारी हालचाल गळ्यातल्या या पट्ट्याला टिपता येई. कुत्र्याचं नाक ज्याच्याकडे, त्याची भीती पट्ट्यावरच्या दिव्यात दिसे. हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे बेचैन, लाल म्हणजे पार गळाठलेला.

कंठीचा पहिला दणका बसला तो भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना. खाटेशेजारी बसून सफरचंद चिरता चिरता 'आमच्या साडूच्या मुलालाही हेच झालं होतं, गोड होतं हो पोर' असं सांगणारी मंडळी असतात. खाटेवरच्या मुलाचा दिवा पिवळा झाला की त्यांना सन्मानाने कँटीनमध्ये नेऊन बसवण्यात येई. मग सरकारनेही नियम केला: लाल दिव्यात असलेल्या पालकाची संमतीची सही धरायची नाही. घाबरलेला माणूस कशावरही सही करतो, हे सरकारला अनुभवाने ठाऊक होतं.

कंठी बनवली डॉक्टर निलोफर अत्तार यांनी. त्यांच्या घराण्यात सात पिढ्या वासावरच पोट चाललं होतं, त्यामुळे मिरजेत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी तहसीलदार पाच नंबरच्या खाटेपाशी थांबला. खाटेवर शिराळ्याकडची नऊ वर्षांची कोयना नायकवडी होती. तिच्या हृदयाला छिद्र होतं, आणि ते बुजवायची शस्त्रक्रिया अकरा वाजता होती. त्यासाठी पुण्याचे सर्जन महिन्यातून एकदाच येत. आई घरी दोन महिन्यांच्या बाळापाशी होती, म्हणून सोबतीला वडील, आकाराम. ते पंचक्रोशीतले सर्पमित्र. पोत्यात नाग घेऊन ते एसटीने प्रवास करत आणि त्यांना बसायला नेहमी जागा मिळे.

कोयनाचा दिवा आठ वाजताच, दुसऱ्या श्वानसेवकाच्या फेरीत, हिरवा नोंदला होता. मुलांचा दिवा सकाळी एकदाच बघायचा, अशी पद्धत होती. ती निवांत होती, कारण पप्पांनी 'मुंगी चावल्यागत वाटतंय, बास' असं सांगितलं होतं. धोक्याच्या बाबतीत पप्पांचा शब्द म्हणजे शब्द. 'हा विषारी, लांब हो' म्हणाले की लांब व्हायचं. 'ही धामण, लाव हात' म्हणाले की हात लावायचा. नऊ वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते.

तहसीलदाराने कोयनाकडे बघितलंसुद्धा नाही. खाटेला वळसा घालून त्याने स्टुलावर बसलेल्या आकारामांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. दिवा लालभडक झाला.

"मशीन बिघडलंय, मॅडम," आकाराम म्हणाले. "मी नाग धरतो हातानं."

"नागाला कळत नाही तुम्ही घाबरलात ते," डॉक्टर अत्तार म्हणाल्या. "याला कळतं."

त्यांनी आकारामांना नियम समजावून सांगितला. दिवा उतरला नाही तर सही नाही, सही नाही तर आज शस्त्रक्रिया नाही. आकारामांनी दीर्घ श्वास घेतला, मारुतीचं नाव घेतलं, पाण्याचे दोन घोट घेतले. नियम ऐकल्यावर दिवा उलट जास्तच लाल झाला होता.

तेवढ्यात कोयनाने डॉक्टरांना विचारलं, लाल म्हणजे काय?

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी नऊ वर्षं मंत्र्यांना, पत्रकारांना आणि परदेशी पाहुण्यांना दिलं होतं. खोटं बोलता आलं असतं. कुत्र्याचं नाक त्यांच्याकडे नव्हतं. पण कंठी बनवणाऱ्या बाईनेच खोटं बोलावं हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी खरं ते सांगितलं.

कोयनाने पप्पांकडे बघितलं.

"म्हणजे ही धामण न्हाई," ती म्हणाली.

आकाराम खाली मान घालून कुत्र्याचे कान चोळत बसले. तेव्हा कोयना सरकत खाटेच्या कडेला आली आणि तिने त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. पलीकडच्या खाटेवरच्या पोराला तिने कालच विचारलं होतं म्हणे. त्याचं हेच ऑपरेशन झालं होतं, आणि त्याला मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं. मग तिने पप्पांना सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून झापलं, मी झोपेत असणार तर तुम्ही इथं बसून काय राखण करणार म्हणून विचारलं, आणि बाळाचं नाव मी घरी आल्याशिवाय ठेवायचं नाही, असा दम भरला. आवाज थेट बापाचा. सापाभोवती जमलेल्या गर्दीला शांत करतानाचा.

दिवा पिवळा झाला. पाच मिनिटांनी हिरवा. परिचारिकेने कागद पुढे केला, आकारामांनी सही केली आणि घरी फोन करायला ते बाहेर गेले.

डॉक्टर अत्तार खूश झाल्या. हे असं आधीही घडलं होतं. ऐन वेळी लालाचे हिरवे झालेले दोनशे बारा पालक त्यांच्या नोंदीत होते. त्याचं श्रेय त्यांनी कुत्र्याला दिलं होतं आणि त्यावर एक निबंधही वाचला होता.

आणि मग तहसीलदार उठला. खाटेवर पुढचे पाय टेकून त्याने पहिल्यांदाच कोयनाच्या तळहाताला नाक लावलं.

दिवा लाल झाला.

भीती गेली नव्हती. ती स्टुलावरून खाटेवर येऊन बसली होती. हजारो वर्षं थोरांनी ती खोट्या शब्दांत गुंडाळून स्वतःपाशी ठेवली होती, आणि पोरं निवांत झोपली होती. कंठीने ते गाठोडं उघडून दाखवलं. पोरांनी ते उचललं. त्या दोनशे बारा मुलांचा दिवा दुसऱ्यांदा कुणीच बघितला नव्हता.

डॉक्टर खाटेवर टेकल्या. पप्पांना खरं सांगू का, आज थांबू या का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"पुण्याचे डॉक्टर परत महिन्यानंच येणार न्हवं?"

"हो."

"मग नगं."

बाहेर ऊन रणरणत होतं. पॅसेजमधून आकारामांच्या चपलांचा आवाज जवळ येऊ लागला. दिवा तसाच लाल होता. कोयनाने कुत्र्याला कुशीत ओढलं आणि डॉक्टरांपुढे हात पसरला.

"मॅडम, तुमची ओढणी द्या की जरा. तहसीलदाराच्या गळ्याला थंडी वाजतीया."