हरवलेली सिस्टीम फाइल

"फाइल चोरीला गेलीय आणि चार वाजता सुनावणी आहे!" चित्रकार ताई दार उघडतानाच म्हणाली.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. निवृत्तीनंतर हे गणिताचे मास्तर एका गुप्तहेर बाईंचे सोबती झाले होते. आता त्यांच्या शेजारीच उभ्या असलेल्या या बाईंना लोक पाठीमागे घार म्हणत.

वीस वर्षांपूर्वी एका गेमची सगळी चित्रं ताईनं काढली होती. आता जुना भागीदार ती आपलीच म्हणून मिरवत होता. गेमच्या पहिल्याच पडद्यावर ताईचं नाव होतं; तेच सुनावणीत दाखवायचं होतं. पण ज्या यंत्रावर तो गेम चालायचा, तो कन्सोल कधीच भंगारात गेला होता. म्हणून दुकानदारानं कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, बसवून दिला. त्याला कन्सोलमधली सिस्टीम फाइल लागते. ती नसली की मुसळ केरात. दुकानदार नेमका फोन उचलत नव्हता.

पडद्यावर लिहिलं होतं, 'कन्सोल.झिप सापडली नाही.' फोल्डरमध्ये सात चिल्लर फायली होत्या.

"हा कचरा काल नव्हता," ताई म्हणाली. "सकाळी भागीदार तडजोडीला आला होता. पाच मिनिटं इथं एकटाच होता."

घारीनं त्याला फोन लावला. "मी कशालाही हात लावला नाही," तो गुरकावला. "जे व्हायचं ते सुनावणीत होईल."

ताईचा नवरा पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला. घारही मागोमाग गेली, आणि तिच्यामागे मास्तर आणि ताई. साखर, चहा, बिस्किटं, सगळं बरण्यांत. औषधांच्या पट्ट्यासुद्धा खोक्याबाहेर.

"खोकी कुठंयत?"

"रद्दीत. मी गोदामात काम करतो ना! माल आला की खोकं फोडायचं, माल मांडायचा, खोकं बाहेर."

"आणि आज सकाळी?"

"हिचं टेबल आवरलं, बाकी काही नाही."

मास्तर पुटपुटले, "चोर भागीदारच! दुसरं कोण?"

"मास्तर, चोर माल नेतो. इथं माल जागेवर आहे, खोकंच गेलंय." घार नवऱ्याकडे वळली. "टेबलाबरोबर कॉम्प्युटरही आवरलात ना? झिप म्हणजे बंद खोकं. तुम्ही ते फोडलंत, सात फायली मांडल्यात आणि झिप पुसून टाकलीत. पण एम्युलेटरला माल खोक्यातच लागतो."

नवऱ्याचा चेहरा पडला. तो ताईला म्हणाला, "आजच्या दिवशी तरी तुला सगळं नीट सापडावं, म्हणून..."

कॉम्प्युटरपाशी परतून घारीनं सातही फायली पुन्हा एका झिपमध्ये बांधल्या आणि पडद्यावर मागितलेलं नाव तिला दिलं. गेम सुरू झाला. पहिल्या पडद्यावर ताईचं नाव झळकलं, आणि मास्तरांना आपण भागीदाराला चोर म्हटल्याची लाज वाटली.

नवरा हात जोडून उभा होता. ताईनं डोळे पुसले.

"भांडायला अख्खा जन्म पडलाय," ती म्हणाली. "आधी कॉम्प्युटर उचल. आणि वाटेत काही आवरू नकोस!"