धुराड्यावरचा गुरू

आमच्या परसात, मुळ्याच्या वाफ्याशेजारी, माझी दुर्बीण उभी असते. नागानोच्या डोंगरातल्या या खोऱ्यात एकेकाळी चौदा घरं होती आणि हिवाळ्यात चौदाही धुराड्यांतून गरम हवा वर चढायची. अशा हवेतून येताना ताऱ्याचा प्रकाश हलतो. फोटोत गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा येतो. तीस वर्षं मी हवामान केंद्रात नोकरी केली. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मग एकेक घर बंद पडत गेलं आणि माझे फोटो सुधारत गेले.

"माणसं गेली की तुझं आकाश साफ होतं," माझा नवरा मोरिओ म्हणायचा. "आता मीच उरलोय. सांग, कधी निघू?"

"आधी लाकडं फोडून द्या, मग निघा."

ऑक्टोबरात आमची शेवटची शेजारीण, फुकी आजी, वारली. तिच्या मुलानं ओसाकाहून येऊन वीज बंद केली, थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून नळांतलं पाणी काढून टाकलं आणि किल्ली आमच्याकडे ठेवली. धूर निघणारं घर एकच राहिलं, आमचं.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी गुरू फुकी आजीच्या धुराड्यावर आला आणि थरथरू लागला.

दिवसा तापलेली कौलं असतील, असं मी धरून चालले. पण कौलांवर दहिवर पडून गोठलं होतं. हातभर बाजूचा तारा अगदी शांत होता. धुराड्यावर येणारा प्रत्येक तारा मात्र उकळत होता.

आठ दिवस मी वेळा लिहून ठेवल्या. सहाला सुरू, नऊला बंद. फुकी आजी सहाला लाकडाचा स्टोव्ह पेटवायची आणि नऊला अंथरुणात शिरायची.

मोरिओला ते कागद दाखवले. तो हसला नाही. किल्ली घेऊन आम्ही दोघं सातच्या सुमारास तिच्या घरात शिरलो. बंद घराचा, ओल्या चटयांचा वास. मोरिओनं स्टोव्हवर तळहात ठेवला.

"नुसता बर्फ आहे."

"राख?"

"राखही नाही. धुऊनपुसून ठेवलाय." त्यानं हात मात्र लगेच काढला नाही. "चल, घरी जाऊ. जेवायचंय अजून."

त्यानंतर मी इतर छपरांकडे दुर्बीण वळवली. वळवायला नको होती. तेराही बंद घरांवर तारे हलत होते, ज्याच्या त्याच्या वेळेला. तोफू करायला पहाटेच उठणाऱ्या मियाशितांच्या छपरावर तर पहाटे चारलाही. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी मोरिओला सांगणं बंद केलं. तोही विचारत नव्हता. जेवताना आम्ही फक्त लोणच्याबद्दल बोलायचो.

डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी मी दुर्बीण ओढ्यापलीकडच्या देवळाच्या अंगणात नेली. तिथून सगळी छपरं एका नजरेत येतात. मला सगळी एकाच वेळी पाहायची होती, एवढंच.

तेरा घरांवर तारे उकळत होते.

चौदावं आमचं. खिडकीत दिवा होता. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता आणि गुरू नेमका त्या धुरामागे होता.

तो हलत नव्हता.

त्याचे पट्टे कोरल्यासारखे दिसत होते. चारही मोठे चंद्र टोचलेल्या टाचण्यांसारखे जागच्या जागी.

मी घरी फोन लावला.

"अहो, स्टोव्ह पेटलाय ना?"

"दोन तास झाले," मोरिओ म्हणाला. "तिसऱ्यांदा लाकडं घातली. चांगली धडधडून पेटलीत."

"मग?"

स्टोव्हचं लोखंडी दार करकरल्याचा आवाज आला.

"हात अगदी दारातून आत घातलाय गं," तो म्हणाला. "काहीच लागत नाही."

इतका स्थिर गुरू मी आयुष्यात पाहिला नव्हता. फोन कानाशी धरूनच मी फोटो काढला.