पट्टीवरचं नाव

दुकानाच्या दारात आधी एक लांबलचक गोधडी आली आणि मग ती कवेत धरलेली मुलगी.

"हे विजेवर वाजते म्हनतात... एकडाव वाजवून दाखवता काय जी?"

१९६७ सालची हिवाळ्यातली सकाळ होती. यवतमाळच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि रेडिओ दुरुस्त करणारा श्रावण एका रेडिओच्या पोटात डोकं घालून बसला होता. त्यानं गोधडी उलगडली मात्र, हातातला पेचकस खाली पडला. बेस गिटार! चार जाड तारांची, अमेरिकी बनावटीची, अगदी सुरुवातीच्या वर्षांतली!

या गिटारींपायी श्रावण वेडा होता. एक त्यानं मूर्तिजापूरच्या इंजिन ड्रायव्हर साहेबाकडून आणली होती, दुसरी कामठीच्या एका बँडवाल्याकडून. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या त्या दोघींना रोज सकाळी पुसायचं, पाठीवरचा कारखान्याचा नंबर वाचायचा आणि मगच दुकान उघडायचं. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

"कुठून आनली?"

"माया मामा नागपूरले एका साहेबाकडे सैपाकी होता. साहेब विलायतेले गेला अन् हे देऊन गेला. आमच्या ढाणकीत घरी लाइट नाही. मी धान्याच्या रिकाम्या कोठीले टेकवून वाजवतो... कोठी घुमते मंग."

श्रावणनं अधीर हातांनी गिटार उलटी केली. मानेच्या बुडाशी पोलादी पट्टी होती आणि त्या पट्टीवर, नेमक्या नंबरावर, छिन्नीच्या टिंबाटिंबांनी कोरलं होतं – 'नलू उकंडा, ढाणकी'.

"अरे बाप्पा! हे कोनं केलं?"

"मीच. बाजारात भांड्यावर नाव टाकनारा बसते ना, त्याच्याकडून. आमच्या घरी लोट्यावरबी नाव हाय." तिनं हनुवटी वर केली. "म्हटलं, कोनी नेऊ नये."

"पन नंबर गेला ना खाली! हे... हे पुसता येईन काय?"

"कोरलेलं पुसत नसते जी," नलू म्हणाली आणि हसली.

श्रावणला रडावं की हसावं कळेना. हजारात एक चीज, आणि तिचा पार लोटा करून टाकलेला! पण त्या हसण्याकडे बघता बघता राग कुठे गेला, ते त्यालाही समजलं नाही.

मागून तिचे वडील उकंडाबुवा आत आले आणि बाकड्यावर टेकले. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या साली त्यांनी गावात गायन मंडळ उभं केलं होतं, आणि आवाज अजूनही खणखणीत होता. "बाबू, हे डबडं तूच ठेवून घे. लग्न ठरलं की पोरीनं भांडेकुंडे न्यायचे, हे असलं कोनत्या सासरी चालन?"

नलूचा चेहरा उतरला. श्रावणनं घाईघाईनं वायर लावली, तिचं टोक रेडिओत खोचलं. "वाजवा."

तिनं भीत भीत जाड तार छेडली. घुम्म... फळीवरचे डबे थरथरले. नलूनं दोन्ही हात छातीशी धरले. डोळे भरून आले होते आणि हसूही थांबत नव्हतं. गिटारीचा आवाज श्रावणनं कितीदा ऐकला होता, पण ऐकणारं माणूस असं कधी बघितलं नव्हतं. मघापासून जे वाटत होतं, ते आता त्याला स्पष्ट कळलं. ही मुलगी त्याला आवडली होती.

आणि ती गिटार? त्यानं नुसती मान डोलावली असती, तर ती त्याची झाली असती.

"काका, आतली तार ढिली हाय," तो म्हणाला. "दुरुस्त कराले पंधरा दिवस लागतीन. मंग घेऊन जा."

पंधरा दिवसांनी बापलेक आले. काम झालं नव्हतं. पुढच्या पंधरवड्यात एक सुटा भाग नागपूरहून यायचा राहिला.

"तुमी दुरुस्त करून राह्यले का बिघडवून राह्यले?" नलूनं हळूच विचारलं.

"बिघडलं तं हाय," तो रेडिओकडे बघत म्हणाला. "पन ते गिटारीतलं नाही..."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दर खेपेला ती थोडं वाजवी, आणि आपल्या दोन्ही गिटारीही तो आता बिनदिक्कत तिच्या हाती देई.

तिसऱ्या महिन्यात उकंडाबुवा दारातूनच म्हणाले, "रविवारी फुलसावंगीचे पाव्हने पोरीले पाहाले येनार हायेत. आता झालं असो का नसो, हे इथंच राहू दे."

नलू गोधडीची घडी घालत राहिली.

श्रावण आत गेला. बाहेर आला तो दोन गिटारी घेऊन. एक नलूची आणि दुसरी मूर्तिजापूरची, त्याची सगळ्यांत लाडकी. ती त्यानं उलटी करून नलूसमोर धरली.

नंबराच्या पट्टीवर नवी कोरी टिंबं चमकत होती. नलूनं वाचलं आणि कानापर्यंत लाल झाली.

"काय लिहिलं व?" उकंडाबुवांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "मोठ्यानं वाच ना."

"नलू... श्रावण... यवतमाळ."

बाहेर गाडीवानांचा आरडाओरडा चालू होता. उकंडाबुवा पट्टीवरच्या टिंबांकडे बघत राहिले.

"पंधरा दिसाची दुरुस्ती तीन मयने चालली, तवाच मले समजलं होतं," उकंडाबुवा शेवटी म्हणाले. "तुया बाप अन् मी दीक्षेले संगच गेलतो, घर मायं पाह्यलेलं हाय. पन पोट्ट्या, नाव टाकाच्या आंधी बापाले इचारा लागते ना!"

"चुकलं काका... आता इचारतो."

"मले काहून इचारतं? तिले इचार."

श्रावणनं नलूकडे पाहिलं. तिनं त्याच्या हातातली गिटार काढून घेतली, त्या अक्षरांवरून पदर फिरवला आणि गोधडीत आपल्या गिटारीशेजारी निजवली.

"आता काय इचारता?" ती म्हणाली. "कोरलेलं पुसते काय?"