तड्यावरची काच

"चेंडू कुणी मारला?" मामाने टिकलीकडे बघत विचारलं. भिंतीच्या तड्यावर डकवलेली काचेची पट्टी दुभंगली होती.

सुट्टीत तिघं भावंडं आली, तेव्हा मामा जुन्या घराला नवी खोली जोडत होता, तीही नवं काही विकत न घेता. पाडलेल्या विटा, जुनी तावदानं, ठोकून सरळ केलेले खिळे. त्याच्या घरी वाया जायचं ते फक्त त्याचं बोलणं. गवंडीकाकांनी रजेवर जाताना ती पट्टी चिकटवून बजावलं होतं, की भिंत हलली तर काच फुटेल आणि फुटली तर मला बोलवा. पण घरात पोरं असताना भिंतीवर संशय कोण घेणार? चेंडू जप्त होऊन मामाच्या उशाशी गेला आणि तड्यावर दुसरी पट्टी लागली.

"आपण नाही, मग कोण?" धाकटा भोपळ्या कुजबुजला. दादा म्हणाला, पाळत ठेवू. टिकलीला नको होतं. तडा गेलेल्या त्या जुन्या खोलीत भरदुपारीसुद्धा तिच्या अंगावर काटा यायचा. पण एकटं मागे राहणं त्याहून भयंकर.

जेवणानंतर तिघं दाराआड दबा धरून बसली. आत मामा खाटेवर घोरत होता. बाकी चिटपाखरू नाही.

टक्.

कुणाचा हात न लागता काच तडकली. वरून चिमूटभर माती मामाच्या पोटावर पडली. टिकलीने वर पाहिलं. तुळईखालचा खांबच नव्हता! काका गेल्यावर मामाने तो काढला होता आणि आता तो नव्या खोलीची चौकट होऊन दिमाखात उभा होता.

दादाने हाका मारल्या, भिंत हलतेय म्हणून सांगितलं. "पुन्हा फोडलीत ना?" म्हणत मामा कूस बदलून झोपला.

टिकली जिवाच्या आकांताने किंचाळली, "मामा, कचरागाडीवाला तुझे खिळे घेऊन चाललाय!"

मामा अनवाणीच धावत सुटला, पोरं त्याच्यापुढे. फाटकाशी पोचतात तोच मागे छप्पर कोसळलं. धुळीत कुणाला कुणी दिसेना. टिकलीने मामाचा सदरा मुठीत घट्ट धरून ठेवला.

निरोप मिळताच गवंडीकाका आले. त्यांनी मामाला मनसोक्त झापलं आणि यापुढे पट्टीवर लक्ष ठेवायचं काम तिघांकडे सोपवलं.

संध्याकाळी मामा कोरा करकरीत चेंडू घेऊन आला.

"विकत आणलास?" भोपळ्याचे डोळे विस्फारले.

"जुना ढिगाऱ्याखाली आहे," मामा म्हणाला. मग टिकलीच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "मीही तिथेच असतो."