गंगावनातला एक केस

"थांबा! पाय उचलू नका!"

योगिता दारातच खिळली. प्रयोगशाळेच्या फरशीवर एक तरुण चक्क रांगत होता.

"काय हरवलं?"

"केस."

"कुणाचा?"

"छगन शिपायाचा. दुसरा मागायची सोय नाही, टक्कल पडत चाललंय बिचाऱ्याला."

तिला हसू फुटलं. "आणि पंखा का बंद? सुरतचा उन्हाळा आहे हा!"

"पंखा लावला की माझं संशोधन खिडकीतून उडून जातं, बेन."

"बेन नका म्हणू..." ती म्हणून गेली आणि लाजली.

हा ललित, अमळनेरचा. केसातली प्रथिनं बाहेर काढून जेलच्या पातळ थरावर त्यांच्या निळ्या रेघा उमटवायचा. मूठभर केस घेऊन सगळेच करतात. त्याला ते एकाच केसावर करून दाखवायचं होतं. योगिता सुरतेतल्याच लिंबायतची, नुकती बीएस्सी होऊन तिथं मदतनीस म्हणून लागलेली. बंद पंख्याखाली दोघं घामाघूम व्हायची. रसायनाला कुजक्या अंड्यांचा वास... तरी तिला संध्याकाळ होऊ नयेसं वाटायचं.

"सरांना एका केसावर रेघा दाखवल्या की शिष्यवृत्ती पक्की," एकदा तो म्हणाला. "मग सुरतेतच राहीन. आणि मगनकाकांना भेटायला येईन."

"माझ्या बाबांना? कशाला?"

"चहा प्यायला," तो गालात हसला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी केस तुझा हवा. एवढी लांब वेणी... एक दे ना. शुभ होईल."

योगिताचा हात वेणीवर थबकला. टायफॉइडनंतर तिचे स्वतःचे केस जेमतेम मानेपर्यंत उरले होते. खाली होतं ते गंगावन, आईनं बाजारातून आणलेलं. सांगावं? पण तो त्या वेणीकडं असा बघत होता... दुकानदार तर खरे केस म्हणाला होता. कुणाचा का असेना, केस तो केसच. तिनं शेपट्यातून एक ओढून दिला.

"हट्टी आहे तुझा केस," तो रसायनाची कुपी हलवत म्हणाला, "विरघळतच नाही."

"मालकिणीसारखा," ती म्हणाली.

सरांसमोर जेल निळ्या रंगातून निघालं. मूठभर केसांच्या रांगेत ठसठशीत रेघा. तिच्या केसाची रांग कोरी.

"एका केसात होत नाही, ललित. सोडा हा नाद," सर म्हणाले.

घरी तिनं गंगावनाचा एक धागा पेटत्या काडीवर धरला. तिचे बाबा, मगन, कापडाच्या कारखान्यात सूत पारखताना करायचे तसंच. केस करपून चुरा व्हायला हवा होता. धागा वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला.

"काय करी राहिनी व माय?" आईनं, इंदुबाईनं चुलीजवळून विचारलं.

"काही नाही, आई."

नायलॉन! उद्या सांगू, ती रोज ठरवायची. पण सांगायचं म्हणजे त्याच्यासमोर वेणी सोडायची... उद्या उद्या करत दिवस गेले. ललित गावी गेला, परत आला.

अखेर ती प्रयोगशाळेत शिरली, आणि आत पंखा गरगरत होता. ललित बाटल्या खोक्यात भरत होता.

तिनं गंगावन सोडून टेबलावर ठेवलं. आखूड केस वाऱ्यावर भुरभुरले.

"हे नायलॉन आहे. तुमचं काही चुकलं नव्हतं."

त्यानं गंगावन उचलून हातात घेतलं. "मला वेणी हवी होती असं वाटलं तुला?"

"तुम्हीच तर... एवढी लांब म्हणालात."

"काहीतरी बोलायला हवं होतं, योगिता." त्यानं गंगावन खाली ठेवलं. "गावी सुपारी फुटली माझी. शिष्यवृत्ती नाही तर दुकान सांभाळ, असं ठरलंच होतं बाबांशी. गेल्या आठवड्यात सांगितलं असतंस तरी..."

"तरी?"

"तरी थांबलो असतो."

तिनं कानामागचा एक केस तोडून पुढं केला. त्यानं घ्यायला हात लांबवला, आणि पंख्यानं तो उडवून नेला.

ललितनं धावत जाऊन पंखा बंद केला, फरशीवर गुडघे टेकले. "पाय उचलू नकोस! एकदा बघू तरी दे, तुझ्या रेघा कशा येतात..."

तीही खाली बसली. केस तिला लगेच दिसला. त्याच्याच बाहीला, कोपराशी चिकटला होता.

तिनं सांगितलं नाही. फरशीवर हात फिरवत ती शोधत राहिली.